राईतले गाऱ्हाणे

दक्षिण कोकणात, म्हणजे आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात आणि त्याला लागून असलेल्या गोव्याच्या पेडणे, डिचोली, सत्तरी या तालुक्यांत, ग्रामदेवतेसमोर उभे राहून संसारातील अडचण बोलीभाषेत मोठ्याने मांडण्याची जी रीत आहे तिला गाऱ्हाणे घालणे असे म्हणतात. त्यासाठी संस्कृत मंत्र लागत नाही. गावचा घाडी, गुरव किंवा एखादा मानकरी देवापुढे नारळ ठेवतो, ‘बा देवा म्हाराजा’ अशी हाक घालून बोलू लागतो आणि त्याच्या प्रत्येक वाक्यावर जमलेली मंडळी ‘व्हय म्हाराजा’ असा होकार भरतात. मागणे बहुधा लहान असते: रानात चुकलेली म्हैस परत यावी, पोराचा ताप उतरावा, विहिरीला पाणी टिकावे, मुलीचे स्थळ जमावे. मोक्षाची मागणी या गाऱ्हाण्यांत क्वचितच ऐकू येते, आणि कोकणच्या धर्मजीवनाचा इतिहास समजून घेताना ही गोष्ट किरकोळ मानता येत नाही.

हे गाऱ्हाणे जिथे घातले जाते ती जागाही तितकीच महत्त्वाची आहे. ग्रामदेवतेच्या नावाने राखून ठेवलेल्या रानाच्या तुकड्याला देवराई किंवा नुसते राई म्हणतात, आणि पूर्वी अनेक गावांत देवतेचे स्थान म्हणजे अशा राईतला एखादा पाषाण किंवा वारूळ एवढेच असे. सातेरी ही या प्रदेशातील भूमिदेवता तर वारुळाच्या रूपातच पुजली जाते. वैशाखात भाताची खाचरे तडकलेली असताना राईत मात्र गारवा असतो, पायाखाली पालापाचोळ्याचा जाड थर असतो, गारंबीच्या मनगटाएवढ्या वेली झाडांवरून लोंबत असतात, आणि पुष्कळ ठिकाणी राईतूनच गावचा झरा निघतो. दोडामार्ग तालुक्यातील हेवाळे-बांबर्डे येथील राईत रानजायफळाचे दलदलीतले दुर्मीळ जंगल आजही उभे आहे, ज्यात झाडांची मुळे श्वास घेण्यासाठी चिखलातून गुडघ्यासारखी वर येतात.

अशा ठिकाणी आलेल्या माणसाला घाई करता येत नाही, कारण गाऱ्हाण्यानंतर अनेकदा कौल घ्यायचा असतो. कौल म्हणजे देवाचा निर्णय: तांदळाचे दाणे, फुलांच्या कळ्या किंवा पाकळ्या ओल्या करून पाषाणाच्या ठरावीक जागी चिकटवतात, प्रश्न विचारतात आणि त्या कोणत्या बाजूने पडतात ते पाहतात. उजवा कौल म्हणजे सामान्यतः होकार, डावा म्हणजे नकार. पाकळी पडेपर्यंत माणसे सावलीत बसून राहतात, पाखरांचे आवाज ऐकत, गावचे बोलणे बोलत. देवाचे उत्तर आणि रानाचा निवांतपणा त्यांना एकत्रच मिळतो, आणि या दोहोंना वेगळे करण्याची गरज तेथील परंपरेला कधी वाटलेली दिसत नाही. वेंगुर्ले तालुक्यातील आरवली येथे वेतोबाला केळ्यांचे घड आणि चामड्याची मोठी पायताणे वाहतात, कारण तो रात्री गावाच्या सीमेवरून फिरतो आणि त्याची पायताणे झिजतात अशी श्रद्धा आहे. जो देव गावकऱ्यांप्रमाणे पायवाटांवरून चालतो, त्याच्यापाशी म्हशीची गोष्ट काढायला संकोच वाटत नाही.

सोळाव्या शतकात पोर्तुगीज सत्तेने तिसवाडी, बारदेश आणि सासष्टी येथील देवळे पाडली तेव्हा भक्तांनी अनेक देवता नदीपलीकडे नेल्या. कुठ्ठाळीचा मंगेश 1560 मध्ये प्रियोळला आणि केळशीची शांतादुर्गा 1566 मध्ये कवळ्याला गेली. मूर्ती अशी पालखीतून नेता आली, पण वारूळ, झरा आणि वड नेणे शक्य नव्हते. तरीही पाकळी लावून देवाला विचारण्याची रीत नव्या देवळांतही चालू राहिली, यावरून तिची मुळे किती खोल होती हे लक्षात येते.

इंग्रजी अमलात या रीतीकडे दोन दिशांनी पाहिले गेले. हिंदुस्थानचे पहिले वन महानिरीक्षक डीट्रिख ब्रँडिस यांनी 1897 मध्ये देवरायांची नोंद देशी वनव्यवस्थेचा भाग म्हणून केली. दुसरीकडे नाशिकचे कलेक्टर ए. एम. टी. जॅक्सन यांनी शाळामास्तरांकडून लोकसमजुतींची माहिती मागवली. 1909 मध्ये त्यांची हत्या झाल्यावर आर. ई. एन्थोवेन यांनी ती संपादित केली आणि कोकणाचा खंड 1915 मध्ये निघाला. वन अधिकाऱ्याच्या नोंदीत झाडे होती, लोकसमजुतींच्या खंडात नवस होते, पण ती दोन्ही एकाच जागेची माहिती आहे हे कोणी जोडून पाहिले नाही.

ते काम पुढे माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी केले. पश्चिम घाटातील देवरायांवरील त्यांचा निबंध 1976 मध्ये प्रसिद्ध झाला, आणि इतरत्र नाहीशा झालेल्या वनस्पती या तुकड्यांत टिकल्याचे त्यातून पुढे आले. राया टिकल्या त्या देवाच्या भीतीने, असे स्पष्टीकरण नेहमी दिले जाते. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. नुसत्या भीतीने माणसे जागा टाळतात, आणि टाळलेल्या जागेवर हळूहळू कोणाचेही लक्ष राहत नाही. राईत मात्र आठवड्यातून कोणी ना कोणी आपले दुखणे घेऊन येई, कोणती फांदी तुटली आहे ते पाही, आणि देवाची परवानगी न घेता कोणी लाकूड नेले तर ते लपून राहत नसे. वर्षातून एकदा भरणाऱ्या जत्रेपेक्षा या बारीकसारीक येण्याजाण्याने राई अधिक राखली असे मानण्यास पुरेसे कारण आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईत गिरण्या उभ्या राहिल्या आणि त्या वेळच्या रत्नागिरी जिल्ह्यातून, ज्यातून सिंधुदुर्ग 1981 मध्ये वेगळा झाला, हजारो माणसे तेथे गेली. या चाकरमान्यांची नोकरी, खोली, आजारपण हे सारे गावच्या गाऱ्हाण्यात शिरले. त्यांनीच पुढे कृतज्ञतेने देवळांसाठी पैसा पाठवला, आणि त्या पैशाने अनेक ठिकाणी पाषाणाभोवती सिमेंटचा मंडप, फरशी आणि गाड्या लावण्याची जागा झाली, त्यासाठी राईतली झाडेही गेली. काही गावांत तोडीपूर्वी रीतसर कौल घेतला जातो. पण कौलाला विचारायचा प्रश्न माणसेच ठरवतात. देऊळ मोठे बांधू का असे विचारले तर वडाबद्दलचा प्रश्न देवापुढे येतच नाही. हे नुकसान भक्ती कमी झाल्याने नव्हे, भक्तीच्याच हातून झाले आहे, आणि म्हणून ते थांबवणे अधिक अवघड आहे.