लहान मुलांना घेऊन फिरायला कुठे जायचं? आधी प्रवासाचे तास मोजा, मग ठिकाण ठरवा

पुण्याहून महाबळेश्वर साधारण 120 किलोमीटर. मोबाईलवरचा नकाशा तीन तास दाखवतो. पण मागच्या सीटवर चार वर्षांचं मूल असेल तर दोनदा शू, एकदा खाऊ आणि पसरणी घाटात उलटीसाठी एक थांबा धरून त्या तीन तासांचे सहज पाच होतात. मे महिन्यातला शनिवार असेल तर वाई-पाचगणीची वाहनांची रांग वेगळी.

रीलमध्ये हे पाच तास दिसत नाहीत. तिथे फक्त पॉइंटवरचं धुकं आणि स्ट्रॉबेरी क्रीम दिसतं. त्यामुळे बहुतेक घरांत ठिकाण आधी ठरतं आणि 'मुलांचं बघू तिथे गेल्यावर' असं म्हणून बॅगा भरल्या जातात. खरं तर मुलांसोबतची सहल चांगली होणार की नाही, हे बरंचसं ठिकाण निवडतानाच ठरलेलं असतं.

किती तास गाडीत बसायचं?

दोन रात्रींची सहल असेल आणि मूल पाच वर्षांखालचं असेल तर एका बाजूचा प्रवास थांबे धरून चार-पाच तासांच्या आत असलेला बरा. त्याहून लांब जायचं असेल तर मुक्काम वाढवा. नाहीतर पहिला दिवस प्रवासात, दुसरा थकव्यात आणि तिसरा परतीत जातो.

गाडी लागण्याचा त्रास दोन वर्षांखालच्या मुलांना सहसा होत नाही. दोन ते बारा या वयात तो जास्त दिसतो. कानाच्या आतल्या भागाला गाडीची हालचाल कळते, पण डोळे मोबाईलवर किंवा समोरच्या सीटच्या पाठीवर खिळलेले असतात. मेंदूला दोन्हीकडून वेगवेगळे निरोप जातात आणि मळमळ सुरू होते. म्हणून घाटात कार्टून लावून मुलाला गप्प बसवण्याची युक्ती अनेकदा अंगाशी येते. त्याला लांबचं बाहेरचं दिसेल असं बसवा, निघण्याआधी तेलकट खायला देऊ नका आणि गोळी द्यायचीच असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

घाट टाळायचा असेल तर रेल्वे सोयीची. मुंबईहून मालवण गाडीने म्हणजे अख्खा दिवस. तेच कोकणकन्या एक्स्प्रेससारख्या रात्रीच्या गाडीने निघालं तर मूल झोपेतच कुडाळला पोहोचतं आणि तिथून मालवण-तारकर्ली तासाभरावर. आरक्षण प्रवासाच्या 60 दिवस आधी सुरू होतं. पूर्वी ही मुदत 120 दिवसांची होती, 1 नोव्हेंबर 2024 पासून ती कमी झाली. पाच वर्षांखालच्या मुलांना स्वतंत्र बर्थ नको असेल तर तिकीट लागत नाही. पाच ते बारा वयाच्या मुलासाठी बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडं द्यावं लागतं.

मुलाचं वय काय?

तीन वर्षांखालच्या मुलाला समुद्र कोणता, डोंगर कोणता याच्याशी काही देणंघेणं नसतं. वाळू, पाणी, एखादं मांजर आणि वेळेवर झोप एवढं त्याला पुरतं. या वयात ठिकाणापेक्षा राहण्याची जागा महत्त्वाची. मऊ भात करून मिळेल का, रात्री दूध गरम करून देतील का आणि जवळचं रुग्णालय किती लांब आहे, हे फोनवर विचारायला लाजू नये.

चार ते सात वयाच्या मुलांना मोकळं पळायला जागा हवी असते. त्यासाठी माथेरान अजूनही उत्तम. खासगी गाड्या दस्तुरी नाक्यालाच थांबतात, त्यामुळे हात सोडून चालता येतं. 1907 मध्ये सुरू झालेली नेरळ-माथेरान छोटी रेल्वे हे तर मुलांसाठी सहलीतलं मुख्य आकर्षण. पावसाळ्यात नेरळहून ती बंद असते, अमन लॉज ते माथेरान एवढीच फेरी चालू राहते. माकडांपासून हातातला खाऊ मात्र सांभाळायचा.

चौथीत शिवाजी महाराजांचा इतिहास शिकणाऱ्या मुलासाठी शिवनेरी किंवा रायगड ही संधी आहे. पुस्तकातलं नाव समोर उभं राहिलेलं पाहण्याचं हेच वय. पायऱ्या झेपणार नसतील तर रायगडावर रोपवेने जाता येतं, त्यामुळे आजी-आजोबांनाही घरी ठेवावं लागत नाही. मुलं किशोरवयीन असतील तर ठिकाण त्यांनाच निवडू द्या, निम्मी कुरकुर तिथेच संपते.

पाणी पाहायला जाताय?

30 जून 2024 रोजी लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्यात चार मुलं होती. प्रवाह अचानक वाढला आणि मधोमध अडकलेल्यांना काठ गाठता आला नाही. डोंगरातल्या धबधब्यांचा धोका हाच असतो. आपण उभे आहोत तिथे रिमझिम असली तरी वर जोरदार पाऊस पडत असू शकतो आणि ते पाणी काही मिनिटांत खाली येतं. मुलं सोबत असतील तर धबधबा लांबून पाहायचा, प्रवाहात उतरायचं नाही. पावसाळ्यात एखादं कृषी पर्यटन केंद्र निवडून ओसरीत बसून पाऊस पाहणं हा कंटाळवाणा वाटणारा पर्याय मुलांना भलताच आवडतो.

समुद्राचंही तसंच. किनारा निवडताना तो किती 'इन्स्टाग्रामेबल' आहे यापेक्षा उतार कसा आहे ते विचारा. गणपतीपुळ्याचं मंदिर आणि किनारा सुंदर आहे, पण तिथलं पाणी पोहण्यासाठी धोकादायक मानलं जातं. गोव्यात प्रमुख किनाऱ्यांवर जीवरक्षक असतात आणि लाल झेंडा लावला असेल तर पाण्यात उतरायचं नसतं. कोकणात भरती-ओहोटीची वेळ होमस्टेवाल्यांना किंवा मच्छीमारांना विचारा, त्यांना ती तोंडपाठ असते.

उंची आणि ऊन

महाराष्ट्रातलं सर्वात उंच शिखर कळसूबाई 1,646 मीटरचं. त्यामुळे विरळ हवेचा त्रास काय असतो याचा अनुभव इथल्या पालकांना नसतो. साधारण 2,500 मीटरच्या वर हा त्रास होऊ शकतो. लेह सुमारे 3,500 मीटरवर आहे आणि विमानाने थेट तिथे उतरल्यावर शरीराला सवय व्हायला वेळच मिळत नाही. लहान मुलाला 'डोकं दुखतंय' असं सांगता येत नाही. ते किरकिर करतं, जेवत नाही, उलटी करतं आणि आपण प्रवासाचा शीण समजतो. दोन-तीन वर्षांच्या मुलाला घेऊन लेहला जाण्याची घाई खरंच कशाला करायची? हिमालयच हवा असेल तर सुमारे 2,000 मीटरवरची मनाली बरी, पण तिथून रोहतांग गाठलं की पुन्हा जवळपास 4,000 मीटर.

ताडोबात वाघ उन्हाळ्यात जास्त दिसतो हे खरं. पण मे महिन्यात चंद्रपूरचा पारा 45 अंशांपर्यंत जातो आणि उघड्या जिप्सीतली सफारी सुमारे चार तासांची असते. मूल लहान असेल तर दिवाळीनंतरचे महिने बघा, फक्त पहाटेच्या सफारीला स्वेटर-कानटोपी लागेल.

निघण्याआधी वार बघा

गर्दी टाळायला आठवड्याच्या मधला दिवस निवडणं चांगलं, पण ताडोबा मंगळवारी बंद असतं. बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सोमवारी बंद, तर मुंबईची राणीची बाग आणि पुण्याचं कात्रजचं प्राणिसंग्रहालय बुधवारी. सणासुदीला हे दिवस बदलतात, म्हणून आदल्या दिवशी संबंधित संकेतस्थळावर एकदा पाहून घ्या. 'पेंग्विन बघायचा' म्हणून तीन दिवस नाचणाऱ्या मुलाला बंद गेटसमोर समजावणं अवघड असतं.