सरस ते लेझर : फर्निचरच्या कडपट्टीची गोष्ट

कपाटाच्या दाराची किंवा टेबलाच्या फळीची कडपट्टी काढायची वेळ आली की पहिला प्रश्न येतो तो हत्याराचा. पटाशी घ्यावी की पातळ पाते, इस्त्री फिरवावी की गरम हवेची गन? प्रश्न रास्त आहे, पण या कारागिरीचा इतिहास चाळला तर खरे उत्तर हत्यारात सापडत नाही. पट्टी निघताना फळीचा टवका उडेल की फळी शाबूत राहील, हे पट्टी बसवली त्याच दिवशी, ती कशाने चिकटवली यावर ठरलेले असते. हजारो वर्षे सुतारांनी वापरलेले चिकट द्रव्य घट्ट धरणारे होते आणि वेळ आली की सोडणारेही होते. विसाव्या शतकात यंत्रे आली, वेग आला, मजबुती आली, आणि सोडण्याचा हा गुण हळूहळू मागे पडला. प्रगतीसाठी ही किंमत मोजावीच लागते असे नाही. ती कारखान्याच्या सोयीने केलेली निवड आहे, आणि निवड बदलता येते.

जुन्या कारागिरीचा आधार होता सरस, म्हणजे जनावरांची कातडी आणि हाडे उकळून काढलेले द्रव्य. लाकडाच्या पातळ पापुद्र्याने साध्या लाकडाला मढवण्याची कला प्राचीन इजिप्तमध्ये पूर्ण विकसित झाली होती. 1922 साली उघडलेल्या तुतानखामेनच्या थडग्यात आबनूस आणि हस्तिदंत जडवलेल्या पेट्या व आसने मिळाली. फ्रान्समध्ये चौदाव्या लुईच्या काळात आंद्रे-शार्ल बूल याने पितळ आणि कासवाच्या पाठीचे नक्षीकाम लाकडावर बसवले, तेही प्राणिज सरसानेच. अठराव्या शतकातल्या इंग्लिश खणांच्या दर्शनी कडेला बारीक गोलसर पट्टी दिसते. मढवलेल्या पापुद्र्याची कड उघडी राहिली तर कपड्याला अडकून ती निघते, म्हणून तिला हे संरक्षण दिलेले असे. सरस आधी पाण्यात भिजवतात, मग गरम पाण्याच्या भांड्यात दुसरे भांडे ठेवून साधारण साठ अंशांपर्यंत तापवतात. ज्या उष्णतेने आणि ओलाव्याने तो तयार होतो, त्यांनीच तो पुन्हा सैल पडतो. ओले फडके, त्यावर कोमट इस्त्री, थोडा धीर आणि पातळ पाते एवढ्यावर पट्टी उचलता येते. जिथे पाणी चालत नाही तिथे जाणकार दुरुस्तीकार सांध्यात अल्कोहोल सोडतात. त्याने सरसातले पाणी ओढले जाते, तो ठिसूळ होतो आणि सांधा सुटतो. दोनशे-तीनशे वर्षांचे कपाट आजही दुरुस्त होऊ शकते, त्याचे मोठे श्रेय या गुणाला जाते.

मग पट्टीचे कामच बदलले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आणि नंतर जर्मनीत लाकडाचा भुसा व चिप्स राळेत दाबून केलेली फळी, म्हणजे आपल्याकडचा पार्टिकल बोर्ड, कारखान्यात होऊ लागला. या फळीची दोन्ही पृष्ठे घट्ट असतात, पण मधला भाग भरड आणि पोकळसर असतो. कापल्यावर कड उघडी पडते आणि तिथून पाणी आत शिरते. त्यामुळे पट्टी नुसती शोभेची राहिली नाही, ती फळीचे आयुष्य ठरवू लागली. हाताने पट्ट्या चिकटवून कारखाना चालणार नव्हता. 1960 साली स्थापन झालेल्या होमाग या जर्मन कंपनीने दोन वर्षांत कडपट्टी बसवणारे यंत्र आणले. फळी पुढे सरकत जाते, वितळलेले द्रव्य कडेला लागते, रोलर पट्टी दाबतो आणि थंड होताच काम संपते. साधारण 200 अंशांवर वितळवलेले हे द्रव्य, ज्याला हॉट मेल्ट म्हणतात, थंड झाले की घट्ट होते आणि पुन्हा तापवले की पुन्हा मऊ होते. निर्मात्यांनी हा गुण दुरुस्तीसाठी योजला नव्हता, यंत्राच्या वेगासाठी योजला होता. तरी त्याचा फायदा दुरुस्तीला झालाच. अशी पट्टी काढताना एका टोकाला गरम हवा हातभर अंतरातच फिरवत राहावी, द्रव्य मऊ झाल्याचे पात्याच्या टोकाला जाणवले की पाते फळीशी सपाट ठेवून सरकवावे, आणि पट्टी वर न ओढता स्वतःकडे मागे दुमडत न्यावी. थंड पट्टी ओढली तर भरड गाभ्यातले दाणे तिच्याबरोबर निघतात आणि फळीवरच्या मेलामाइनच्या थराचे टवके उडतात.

महाराष्ट्रातल्या सुतारकामातही हाच बदल दिसतो. सरस उकळणे हा कामाचा रोजचा भाग होता, तोवर 1959 साली बळवंतराय पारेख यांच्या उद्योगाने फेविकॉल बाजारात आणला. भिजवणे नको, तापवणे नको, वास नको. सरस मागे पडला आणि सनमायका-प्लायवुडचे फर्निचर घरोघर पोहोचले. हे पांढरे द्रव्यही सुकल्यावर उष्णतेने काही प्रमाणात मऊ पडते, पण सरसाइतके सहज सोडत नाही. तरीही कडेला खिळलेली आणि चिकटवलेली सागाची पट्टी सुतार आजही काढू शकतो, कारण ती जाड असते, रंध्याने सारखी करता येते आणि तिच्या जागी तशीच दुसरी बसते.

खरा अडथळा नंतर आला. पॉलीयुरेथेन जातीचे द्रव्य लावताना वितळते, पण हवेतला आणि लाकडातला ओलावा घेऊन त्याचे रेणू एकमेकांत कायमचे गुंफले जातात. पुन्हा तापवले तर ते थोडे नरमते, वितळत मात्र नाही. 2009 च्या सुमारास लेझरने बसवलेल्या पट्ट्या आल्या. त्यात वेगळा गोंद नसतो, पट्टीचाच आतला थर लेझरने वितळवून फळीवर दाबतात, आणि पाते घालण्यासारखी रेषाच दिसत नाही. सांधा दिसत नाही याचे कौतुक होते, पण दुरुस्तीकाराला सांधा हवाच असतो.

यावर पहिला आक्षेप मजबुतीचा, आणि तो योग्य आहे. कोकणातल्या पावसाळ्यात सरसाचा सांधा सुटतो, त्याला बुरशी धरते आणि किडेही लागतात. सिंकखालच्या कपाटात किंवा न्हाणीघरात पाण्याला दाद न देणारे द्रव्यच हवे. पण पुस्तकांच्या फडताळाला तेवढी ताकद लागत नाही. गरज असलेल्या जागेसाठी केलेला उपाय सगळीकडे लावला, तर फायदा कारखान्याचा होतो आणि घर चालवणाऱ्याचा नाही. दुसरा आक्षेप असा की हे फर्निचर स्वस्त असते, दुरुस्त करण्यापेक्षा फेकलेले बरे. पण बिघडते ती बहुधा कड, फळी नव्हे. राळेने बांधलेली फळी कचऱ्यात गेल्यावर तिच्यातले लाकूड सहज वेगळे काढता येत नाही. धड फळी एका पट्टीपायी टाकणे, हा हिशोब विकत घेणाऱ्याच्या बाजूने कधीच बसत नाही. तिसरा आक्षेप कारागिरांचा: नाहीच निघाली तर करवतीने कड कापून टाकू. ते शक्य आहे, पण फळी बारीक होते. जर्मन पद्धतीच्या कपाटात बिजागरांच्या पट्ट्यांची भोके पुढच्या कडेपासून नेमकी 37 मिलिमीटरवर असतात. कड दोन मिलिमीटर कापली की दार आणि भोके यांचा मेळच चुकतो. सुटका म्हणून केलेले काम दुसऱ्या दुरुस्तीला जन्म देते.

वस्तुसंग्रहालयांच्या जगाने हा धडा आधीच घेतला आहे. इटालियन अभ्यासक चेझारे ब्रांदी यांनी 1963 च्या ग्रंथात आग्रहाने मांडले की आजची दुरुस्ती उद्याच्या दुरुस्तीचा मार्ग अडवू नये. राजांच्या पेट्यांना लागू असलेला हा नियम घरातल्या कपाटाला का नसावा, याचे समाधानकारक उत्तर कोणाकडे नाही. युरोपीय संघाने 2024 मध्ये लागू केलेल्या पर्यावरणपूरक रचनेच्या नियमांत फर्निचरला प्राधान्य दिले आहे, आणि टिकाऊपणा व दुरुस्ती यांचा विचार उत्पादकाने आधीच करावा, ही त्यामागची भूमिका आहे. आपल्याकडे कायद्याची वाट पाहायची गरज नाही. कपाट करून घेताना सुताराला किंवा दुकानदाराला एवढेच विचारा: कड कशाने चिकटवली आहे आणि ती काढता येईल का? ओल्या जागेसाठी कायमची पट्टी मान्य करा, बाकी ठिकाणी तापवून सुटणारी मागा, आणि पट्टीचा एक जादा तुकडा रंगासकट जपून ठेवा.