शिकार परवाना आणि अल्पवयीन (नांदेड व लातूर)

नांदेड व लातूर जिल्ह्यांत, उर्वरित भारताप्रमाणेच, हौसेखातर वन्यप्राण्यांची शिकार करण्याचा परवाना कोणासही मिळत नाही. साहजिकच मुलांसाठी वा नवशिक्यांसाठीही तो नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये मोठी शिकार, लहान शिकार, सापळे लावणे अशांसाठी मुळात निरनिराळे परवाने होते. १९९१ च्या दुरुस्तीने ते रद्द झाले. उभ्या पिकाची नासाडी करणाऱ्या रानडुकरासारख्या प्राण्यास मारण्याची लेखी परवानगी अधिकृत वनाधिकारी कलम ११ अन्वये देऊ शकतो, मात्र ती पीकरक्षणापुरतीच असते.

कायद्यातील 'शिकार' ही संज्ञा बोलीतील अर्थाहून पुष्कळ व्यापक आहे. जिवे मारण्याबरोबरच पकडणे, फास लावणे, हुसकावणे, तसा प्रयत्न करणे, पक्ष्यांची अंडी वा घरटी मोडणे हेही तीत येते. त्यामुळे गलोलीने तितर टिपणे किंवा सशासाठी फास मांडणे, खेडोपाडी पोरखेळ मानले गेले तरी, गुन्हाच ठरते. फासेपारधी कुटुंबांत हे कौशल्य पिढीजात होते व मुले ते वडीलधाऱ्यांकडून शिकत. बंदीचा घाव त्यांच्या उपजीविकेवरच बसला, याची नोंद कायद्याच्या चर्चेत क्वचितच घेतली जाते.

काळवीट पहिल्या अनुसूचीत असल्याने त्याच्या शिकारीस ३ ते ७ वर्षे कारावास व किमान २५,००० रुपये दंड आहे. आरोपी १८ वर्षांखालील असल्यास प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाते.

शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार २१ वर्षे पूर्ण होण्याआधी बंदूक बाळगता येत नाही. प्रशिक्षणासाठी विहित अटींवर सवलत आहे. ती नेमबाजीच्या सरावाची आहे, रानातल्या शिकारीची नव्हे.