वंध्यत्व : दोष की कारण?

आजचा विषय वैद्यकाचा, पण आम्ही तत्त्वज्ञानाचे मास्तर, तेव्हा सुरुवात शब्दापासून करतो. मूल न झालेल्या बाईला आपण ‘वांझ’ म्हणतो. गाईलाही म्हणतो. पुरुषाला काय म्हणतो? ‘नपुंसक’ म्हणाल, पण त्याचा अर्थ वेगळा. चांगल्या धडधाकट गड्याचं बीज कमी असू शकतं, त्याला आपल्या बोलण्यात शब्दच नाही. आणि शब्द नाही म्हणून संशयही तिकडे जात नाही.

जुनी वैद्यकविद्या इतकी एकांगी नव्हती बरं का. गर्भ राहायला चार गोष्टी लागतात, असं सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात सांगितलं आहे : ऋतू, क्षेत्र, अंबू म्हणजे पाणी, आणि बीज. अंकुराला लागतात त्याच. डहाणू-तलासरीत राब भाजून भात पेरणाऱ्याला हे वेगळं समजवावं लागत नाही. रोप उगवलं नाही तर तो आधी बी पोचट होतं का बघतो, मग पाऊस आठवतो. घरात मात्र चारांतलं एकच उरलं, क्षेत्र. दोष त्याच्याच माथी.

ह्याच मुलखात वारल्यांच्या लग्नात सुवासिनी भिंतीवर चौक काढतात. त्यात पालघट, सुफलतेची देवी. तिच्या साक्षीनं लागलेल्या लग्नात दोन-चार वर्षं पाळणा हलला नाही की भगत, नवस, आणि मग दुसरी बायको, हा क्रम फक्त वारल्यांचा नाही. आमच्या शहरी पांढरपेशांतही आम्ही तो पाहिलेला आहे.

दोषाकडून कारणाकडे यायला शास्त्रालाही वेळ लागला. सस्तन प्राण्यांच्या मादीचं बीज फोन बेअरनं दाखवलं १८२७ मध्ये. ते पुढच्या पाळीच्या साधारण चौदा दिवस आधी सुटतं, हे जपानच्या ओगिनो आणि ऑस्ट्रियाच्या क्नाउस यांच्यामुळे कळलं, १९२० नंतर. स्त्रीबीज जेमतेम एक दिवस टिकतं, पुरुषबीज पाचेक दिवस. म्हणजे संधी महिन्यात पाच-सहा दिवसांची. दिवाळीनंतर नवरा वीटभट्टीवर आणि बायको पाड्यावर, असं असेल तर महिनेच्या महिने ती हुकते. त्यात दोष कुणाचा?

आणखी एक कारण आपल्याकडे फार महत्त्वाचं, ते म्हणजे क्षय. क्षयाचा जंतू कॉखनं १८८२ मध्ये शोधला, पण क्षय म्हटलं की आपण खोकलाच बघतो. तो गर्भनलिकांत बसतो तेव्हा खोकला नसतो. पाळी कमी होते, ओटीपोट दुखतं, कधी काहीच होत नाही, आणि नळ्या बंद होतात. औषध सरकारी दवाखान्यात फुकट आहे. मात्र एकदा बुजलेली नळी औषधानं उघडेलच असं नाही, म्हणून लवकर जायचं. बाळंतपणात किंवा गर्भपातानंतर जंतू शिरूनही हेच होतं. एक मूल झालेलीला दुसरं होत नाही ते पुष्कळदा त्यामुळे.

नळ्या बंद असल्या तरी वाट निघते, हे मुंबईत ६ ऑगस्ट १९८६ ला सिद्ध झालं. परळच्या केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हातून हर्षा जन्मली. परळ डहाणूपासून शंभरेक किलोमीटर, पण त्या वाटेचा खर्च कुठल्या पाड्याला झेपणार? विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची कथा तुम्हाला ठाऊक असेल : गरोदर बाईला डोंगर चढवेना, म्हणून देवीच पायथ्याशी उतरली. शास्त्र तितकं चटकन उतरलं नाही. आता मुंबईच्या प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेचं ग्रामीण केंद्र डहाणूत आहे, हे चांगलंच झालं.

व्यवहाराचं बोलायचं तर, वर्षभर एकत्र राहून दिवस गेले नाहीत, किंवा बाई पस्तिशीपुढची असून सहा महिने झाले, तर तपासायचं. मिश्री, तंबाखू दोघांनीही सोडायची. थायरॉईड बघायचं. आणि दवाखान्यात दोघांनी जायचं. कित्येक जोडप्यांत पुरुषाकडेही कारण सापडतं. वीर्याची तपासणी सगळ्यांत सोपी नि स्वस्त. बाईच्या पोटात दुर्बीण घालायच्या आधी ती झालेली आहे का, एवढं डॉक्टरांना विचारा.