शस्त्रांच्या व्यापाऱ्याविरुद्ध नऊ जण

१९६४च्या जुलैत 'शोनेन किंग' या जपानी साप्ताहिकात 'सायबॉर्ग ००९' ही चित्रकथा सुरू झाली. तोक्यो ऑलिंपिक तोंडावर आले होते, शीतयुद्ध ऐन भरात होते. तरीही शोतारो इशिनोमोरी यांनी खलनायक म्हणून कोणताही देश निवडला नाही. त्यांचा 'ब्लॅक घोस्ट' शस्त्रे विकतो आणि जगात कुठे ना कुठे युद्ध पेटते राहण्यातच त्याचा नफा असतो. निरनिराळ्या देशांतल्या नऊ जणांच्या शरीरांत तो यंत्रे बसवतो, कारण बाजारात त्याला नवा माल आणायचा आहे. हा मालच मालकावर उलटतो. माझ्या मते ही मालिका इतकी वर्षे टिकली ती नायकांच्या शक्तीपेक्षा या शत्रूमुळे.

अमेरिकेत 'एक्स-मेन' १९६३ मध्येच आले होते, मग यात नवे ते काय, असे कोणी विचारेल. एक्स-मेनची शक्ती जन्मजात आहे. या नऊ जणांची शक्ती हाच त्यांच्यावर झालेला अत्याचार. जर्मन ००४चा उजवा हात म्हणजे मशीनगन, आणि तो उतरवून ठेवायची सोय नाही. १९६७च्या 'योमी' पर्वाच्या शेवटी ००९ आणि ००२ जळत आकाशातून कोसळतात. खाली दोन भावंडांना तो तुटता तारा वाटतो. बहीण जगात शांतता मागते, भाऊ मागतो खेळण्यातली बंदूक! ब्लॅक घोस्टचे गिऱ्हाईक कुठे जन्मते, हे याहून नेमके कोणी सांगितलेले नाही.

रूपांतरांचा कस याच मुद्द्यावर लागतो. तोएईच्या १९६६च्या चित्रपटाने प्रौढ नट असलेल्या ००७ला लहान मुलगा करून टाकले. पण १९६८च्या कृष्णधवल दूरदर्शन मालिकेत मासाकी त्सुजी यांनी लिहिलेल्या एका भागात प्रशांत महासागरात बुडालेल्या जपानी युद्धनौका पुन्हा वर येतात, आणि अखेरीस युद्धाचा त्याग करणारे संविधानातले नववे कलम पडद्यावर येते. १९९४च्या सुपर फॅमिकॉम गेमला ही उंची गाठता आली नाही. गेममध्ये शत्रू हा फक्त पार करायचा अडथळा उरतो.

आफ्रिकी ००८चे मूळ चित्रण वंशवादी साच्यातले होते, हा आक्षेप खराच आहे. २००१च्या मालिकेने त्याचा चेहरा बदलला, ते योग्यच झाले. त्या दोषाने शस्त्रबाजारावरचा आरोप मात्र खोटा ठरत नाही. इशिनोमोरी १९९८ मध्ये वारले तेव्हा कथेचा शेवट व्हायचा राहिला होता. नव्या वाचकाने आधी 'योमी' वाचावे आणि मग १९६८चा तो भाग पाहावा.