कामारोनची परत आलेली तबकडी

१९७९ साली स्पेनमध्ये 'ला लेयेंदा देल तिएम्पो' (काळाची दंतकथा) ही तबकडी निघाली. ती विकत घेतलेले काही हितानो, म्हणजे स्पेनमधील जिप्सी, दुकानात परतले आणि हा आमचा कामारोन नव्हे म्हणून पैसे परत मागू लागले, अशी हकीकत फ्लामेंकोचे अभ्यासक वारंवार सांगतात. कामारोन दे ला इस्ला १९९२ साली अवघ्या एकेचाळिसाव्या वर्षी वारला. त्याच्या हयातीत या तबकडीच्या सहा हजार प्रतीही खपल्या नाहीत म्हणतात. आज तिच्यावाचून फ्लामेंकोचा इतिहास लिहिता येत नाही.

लोक रागावले ते का? कामारोन त्यांच्यातलाच, सान फर्नांदोच्या लोहाराचा मुलगा. दहाएक वर्षे पाको दे लुसियाच्या गिटारीसोबत त्याने गायिलेली गाणी घराघरांत होती. निर्माता रिकार्दो पाचोन याने त्याच गळ्याभोवती ड्रम, विजेची बास गिटार आणि सिंथेसायझर उभे केले, शब्द बव्हंशी लोर्काच्या कवितांतून घेतले. एका अंगाईत तर सतार आहे. जिप्सींचे मूळ भारतात, म्हणून ती सतार ऐकताच आपल्याला आपलेपणाचे भरते येते. परंतु ती वाजवणारा ग्वालबेर्तो सेव्हिलच्या रॉक संगीतातून आलेला होता. ती सतार रॉकच्या वाटेने आली, जिप्सींच्या स्मृतीतून नव्हे. असो.

आम्हाला अधिक महत्त्वाचे वाटते ते हे, की ज्या शुद्धतेचा भंग झाला म्हणून ओरड होते, ती शुद्धता फारशी जुनी नाही. १९२२ साली ग्रानादा येथे संगीतकार मान्वेल दे फाया आणि तरुण लोर्का यांनी 'कान्ते होंदो'ची, म्हणजे खोल गळ्याच्या जुन्या गायकीची स्पर्धा भरवली. हेतू उदात्त होता. पण एकवीस वर्षांवरील व्यावसायिक गायकांना तीत प्रवेश नव्हता. गाणे विकल्याने भ्रष्ट होते, असा तो विचार. वास्तविक एकोणिसाव्या शतकापासून ही गायकी गाणावळीच्या कॅफेंतून, तिकिटावर आणि दारूच्या पेल्यांसोबतच वाढली होती. गाण्यावर पोट असलेल्यांना दाराबाहेर ठेवून परंपरा वाचवायची, हा न्याय आम्हाला विचित्र वाटतो. त्या स्पर्धेत बक्षीस मिळवणारा बारा वर्षांचा मानोलो काराकोल पुढे व्यावसायिक गायकच झाला.

काहोन या लाकडी खोक्याचेच पाहा. पाको दे लुसियाने तो पेरूमधून आणला, तोही १९७० च्या दशकाच्या अखेरीस. आज त्याला कोणी परका म्हणत नाही.

रोसालियाच्या 'एल माल केरेर' (२०१८) या संग्रहात मात्र वाद वेगळा झाला. त्याचा आधार 'फ्लामेंका' हे तेराव्या शतकातील ऑक्सितान काव्य. एल गिंचो या निर्मात्यासह तिने फ्लामेंकोच्या टाळ्यांच्या लयीत मोटारसायकलीच्या इंजिनाचे आवाज गुंफले. कानाला हे खटकत नाही. लयीचे बारा ठोक्यांचे आवर्तन जिथे हवे तिथे शाबूत आहे, आणि संगीत-महाविद्यालयात ती ही गायकी रीतसर शिकलेली आहे. तरीही काही हितानो कार्यकर्त्यांनी आक्षेप घेतला: ती कातालान, हितानो नव्हे, आमचे उच्चार, आमचा पेहराव घेऊन जगभरची कीर्ती तिला मिळावी, आणि आमच्या गायकांना? संगणकाविषयी त्यांची तक्रार नव्हती. श्रेय आणि मिळकत कोणाची, एवढेच ते विचारीत होते; आणि हा प्रश्न १९२२ च्या संयोजकांनाही विचारता आला असता.