घसारा वजा जाता

आमच्या घरी शोकेसमध्ये पोलिसांची जीप उभी आहे, असं मी बँकेत सांगितलं तेव्हा आमच्या कॅशियरनं आधी इकडेतिकडे पाहिलं आणि मग हळूच विचारलं, "सोडवायला किती मागताहेत?"

जीप साडेपाच इंचांची आहे, हे मी नंतर सांगितलं. उजवं मडगार्ड आत गेलेलं, त्याच बाजूचा दिवा फुटलेला, बंपर वाकडा, पोच्यांच्या कडेनं रंगाचे पोपडे आणि गंज. घरी येणारा प्रत्येक पाहुणा ती पाहून हळहळतो, "अरेरे! पोरानं पाडली वाटतं!" आता ह्यांना कसं समजवायचं, की ही पाडलेली नाही, घडवलेली आहे! तीही चार महिने, सगळे रविवार धरून. धडकी गाडी कुणीही बनवील. मोडकी बनवायला अभ्यास लागतो.

आणि फुटक्या पोलीस गाडीला इतिहास नाही असं कुणी समजू नये. जगातली पहिली पोलीस मोटारगाडी 1899 साली अमेरिकेत, ओहायो राज्यातल्या ॲक्रन गावी रस्त्यावर आली. ती चक्क विजेवर चालायची. किंमत दोन हजार चारशे डॉलर, वेग ताशी सोळा मैल. तिची पहिली कामगिरी कोणती? तर एका झिंगलेल्या इसमाला उचलून आणणे! म्हणजे परंपरा पहिल्या दिवसापासूनच चालू झाली म्हणायची. पुढच्याच वर्षी गावात दंगल झाली आणि जमावानं ती गाडी नेऊन कालव्यात ढकलली. एका वर्षात शंभर टक्के घसारा! बी.कॉम.ला आम्हाला घसाऱ्याच्या दोन पद्धती शिकवल्या होत्या, एक सरळ रेषेची आणि दुसरी घटत्या शिलकीची. कालव्याची पद्धत अभ्यासक्रमात नव्हती.

छोट्या गाड्यांचा इतिहासही असाच मजेदार. इंग्लंडात जॅक ओडेल नावाचा एक कारागीर होता. त्याच्या मुलीच्या शाळेत नियम होता की, आगपेटीत मावेल एवढंच खेळणं आणायचं. बापानं आगपेटीत मावणारा पितळी रोडरोलर करून दिला. त्यातून 1953 साली 'मॅचबॉक्स' गाड्या निघाल्या आणि जगभर गेल्या. हे वाचलं तेव्हा मला अंमळ वाईट वाटलं. आमच्या अंबरनाथला विमकोचा भलाथोरला आगपेट्यांचा कारखाना होता. पेट्या लाखांनी निघाल्या, पण त्यातून एक रोडरोलर निघू नये? आमच्या लहानपणी शाळेत आगपेटी नेली तर आत काय आहे हे न बघताच मास्तर कान धरायचे.

मी जीपच का निवडली, असं आमच्या हिनं विचारलं. मी म्हटलं, "सोपी असते." खोटं नव्हतं ते. जीप ही भूमितीच्या पहिल्या धड्यातली गाडी आहे, सगळे पत्रे सपाट. दुसऱ्या महायुद्धात घाईघाईनं लाखोंनी बनवायची म्हणून ती तशी आखली गेली. 1947 पासून महिंद्रांनी मुंबईत विलीजच्या जीपची जुळणी सुरू केली आणि पुढे ती आपल्याकडे तहसीलदारापासून फौजदारापर्यंत सगळ्यांची झाली. गंमत म्हणजे आमचं उल्हासनगरही त्याच युद्धाचं अपत्य. कल्याणजवळची लष्करी छावणी युद्धानंतर रिकामी झाली, फाळणीनंतर सिंधमधून आलेली माणसं त्या बराकींत राहिली आणि 1949 साली गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते तिचं उल्हासनगर झालं. पत्ता सांगताना लोक अजून 'कॅम्प नंबर अमुक' म्हणतात. जीप आणि उल्हासनगर, दोघांनाही जन्मताच ठोके बसले आणि दोघंही चालू राहिली.

सामान अर्थातच उल्हासनगरातून आणलं. जे जगात कुठे मिळत नाही ते तिथे मिळतं, आणि मिळालं नाही तर संध्याकाळपर्यंत बनतं. 'मेड इन यूएसए' म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन', हा विनोद आमच्याकडे बाळसुद्धा कूस बदलताना ऐकतं. तेलाच्या डब्याचा पत्रा, शर्टाच्या खोक्याच्या झाकणाची काच, नळाच्या वायसरांचे टायर. प्रमाण एकास चोवीस, म्हणजे फुटाला अर्धा इंच. आठवड्याभरात जीप उभी राहिली आणि मी हातोडी घेऊन ती फोडायला बसलो.

फुटेना! म्हणजे फुटली, पण डबा फुटावा तशी. मग डोक्यात उजेड पडला. खऱ्या जीपचा पत्रा मिलिमीटरभर जाड असला तर चोवीस पटींनी लहान केल्यावर तो वहीच्या कागदाहून पातळ व्हायला हवा. माझा डब्याचा पत्रा त्या मानानं रणगाड्याचा होता. शेवटी मडगार्ड केलं ते अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, रक्तदाबाच्या गोळ्यांच्या पाकिटामागच्या चंदेरी वर्खाचं. त्याला काडीनं दाबलं की खरा पोचा पडतो. गंजाची युक्ती तर स्वयंपाकघरातली. आधी तपकिरी रंग द्यायचा, ओला असतानाच वर मीठ भुरभुरायचं, सगळं वाळलं की निळा रंग द्यायचा आणि मग मीठ घासून काढायचं. मिठाच्या जागी आतला गंज डोकावतो. "अहो, आमटी अळणी झालीय आणि तुम्ही जीपला मीठ घालताय," हे ऐकून घ्यावं लागतं, इतकंच.

आता खरं कारण सांगतो.

अण्णा पोलीस खात्यात ड्रायव्हर होते. 1988 च्या पावसाळ्यात एका रात्री बदलापूरहून अंबरनाथकडे येताना त्यांची जीप मोरीच्या दगडी कठड्यावर आदळली. चौकशी झाली, दोष ड्रायव्हरचा ठरला, एक वेतनवाढ रोखली. ठाण्याचं नाव घेत नाही. मी तेव्हा सात वर्षांचा होतो. शाळेतली पोरं म्हणायची, "तुझ्या बापाला डुलकी लागली, गाडी डावीकडे घसरली." अण्णा काहीच बोलायचे नाहीत. आणि लाज वाटते सांगायला, पण पोरांचं म्हणणं मी मनातल्या खातेवहीत मांडून टाकलं होतं. वर्षानुवर्षं ती शिल्लक तशीच पुढे ओढत आलो.

म्हणून जीप पहिल्यांदा बनवली तेव्हा पोचा डावीकडे पाडला होता.

अण्णांना दाखवली. त्यांनी चष्मा पुसला, जीप हातात घेतली, बोनेट पाहिलं, चाकं फिरवून पाहिली. दारावरचं 'पोलीस' वाचलं आणि "ली दीर्घ काढलीस, बरं केलंस," म्हणाले. मग मडगार्डवर बोट ठेवून म्हणाले, "हे चुकलं. उजवं गेलं होतं."

"उजवं? म्हणजे तुमच्या बाजूचं?"

"मग काय तर! दुसरी पाळी सुटली होती. एक कामगार सायकलवरून चालला होता, बिनदिव्याचा. अगदी पुढ्यातच घसरून पडला. तो डावीकडे. साहेब माझ्या शेजारी झोपलेले, तेही डावीकडेच. उजवीकडे मी एकटाच होतो. म्हणून उजवीकडे घेतली."

"मग हे चौकशीत का नाही सांगितलंत?"

"सांगितलं की. साहेब झोपेत होते, त्यांनी काही पाहिलं नव्हतं. सायकलवाला उठून गेला. साक्षीला कोण? एकटा कठडा."

"आम्हाला तरी सांगायचं, अण्णा!"

"तू कधी विचारलंस, बाबू?"

ह्यावर मी गप्प बसलो. खरंच कधी विचारलं नव्हतं.

अंबरनाथच्या शिवमंदिरात शके 982 चा, म्हणजे इसवी सन 1060 चा शिलालेख आहे. मंदिराच्या भिंतींवरच्या कितीतरी मूर्तींची नाकं, हात झिजून नाहीतर फुटून गेलेत. लहानपणी मला वाटायचं, सिमेंट लावून नीट का करत नाहीत? आता कळतं. जे फुटलंय तेही सांगत असतं, फक्त कुठल्या बाजूनं फुटलंय ते नीट पाहावं लागतं. आमच्या बदलापूरबद्दल लोक सांगतात, की इथे पूर्वी घोडे बदलत म्हणून बदलापूर. मी पोच्याची बाजू बदलली. डावं मडगार्ड सरळ केलं, गोळ्यांचं नवं पाकीट संपायची वाट पाहिली आणि उजवं केलं.

बँकेत चुकीची नोंद झाली तर ती खोडायची नसते. दुसरी, उलटी नोंद घालून ती फिरवायची असते आणि खाली सही करायची असते. अण्णांच्या सेवापुस्तकातली नोंद आता कुणी फिरवणार नाही. माझ्या वहीतली मात्र मी फिरवली. सही अण्णांची आहे. शोकेसमध्ये ठेवायच्या आधी त्यांनी जीप पुन्हा हातात घेतली आणि अंगठ्याच्या नखानं उजवं मडगार्ड आणखी थोडं आत दाबलं. "एवढं गेलं होतं," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी कॅशियरनं पुन्हा विचारलं, "काय, सुटली का जीप?"

"सुटली," मी म्हटलं. "काही द्यावं लागलं नाही. नुसतं विचारावं लागलं."